छाट

पहिली बोट हिप्परग्याच्या तलावात
अकराव्या सेकंदाला उघडली,
आपटलेलं टरबूज उघडतं तशी.
सत्तरचा वेग होता.
त्या वेगाला पाणी हे पाणी नसतं, फरशी असते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सिद्राम कोळी ट्यूबवर बसून गेला, तुकडे घेऊन आला,
मोटर झटकत म्हणाला,
"ह्यात एक मासा तरी बसतोय का?"

रात्री विडी घरकुलात आईनं
फुटका तळ मांडीवरच्या सुपात घेतला.
चीर मागून पुढे चाचपली.
"पान पातळ घेतलास," म्हणाली,
"आणि शीर न बघता लावलास."

काचेचं कापड पुण्याहून आलं, गुंडाळी करून.
शेजारचे मल्लेशप्पा, टॉवेलच्या कारखान्यातले जॉबर,
खिशातलं भिंग ठेवून धागे मोजत बसले.
"अठरा उभे, अठरा आडवे. बरोबरीचं आहे.
पण सगळं सरळ लावू नको.
टॉवेल सरळ ओढला तर दम धरतोय,
कोपऱ्यातनं ओढला की वाकडा होतोय.
तुझी बोट वळताना कोपऱ्यातनंच पिळती.
एक थर सरळ, एक तिरका."
उठताना स्वतःशीच हसले,
"तिरकं गेलं म्हणून जन्मभर शिव्या खाल्ल्या की रे."

मे महिन्यात आमच्याकडे इपॉक्सीला घाई असते.
डब्यावर चाळीस मिनिटं लिहिलंय, इथं नऊ.
पहिली वाटी हातातच धुरावली, दगड झाली,
ब्रश तसाच आत उभा.
(आई आता त्यात कात्री ठेवते.)
मग पहाटे साडेतीनला, परातीत माठाचं पाणी,
पाण्यात दुसरी वाटी.
मी ढवळायचं, आईनं तेलुगूत मोजायचं,
ओकटी, रेंडु, मूडु, शंभरपर्यंत.

तिनं पत्र्याचा फर्मा ठेवला, कात्री फिरवली.
एक धागा उसवला नाही.
मागच्या फळीला कार्बनची पट्टी,
शाफ्टची नळी जिथं तळातून निघते तिथं दोन,
मोटरच्या पाटाखाली आणखी एक, ही मल्लेशप्पांची भर.
हातमोजे घाल म्हटलं तर म्हणाली,
"मोज्यात बोटाला दिसत नाही."
भांडून घालायला लावले.
विडीचं तोंड दुमडणाऱ्या अंगठ्यानं
ती हवेचे बुडबुडे कडेला नेत राहिली,
एकेक, रागावल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी रुपयाचं नाणं घेऊन बसली.
टक. टक. टक. ठप.
"इथं पोकळ आहे. छाट."

कारखान्यात चेकर हजारातल्या सत्तर-ऐंशी विड्या
छाट म्हणून बाजूला टाकायचा.
पैसे द्यायचा नाही, विड्या ठेवून घ्यायचा.
शाळा सुटल्यावर मी तिथं टोपली धरून उभा असायचो.
तो शब्द आईच्या तोंडून
मी पहिल्यांदा ऐकला.
तळहाताएवढा भाग घासून काढला, पुन्हा लावला.

बोटीचं वजन वाढलं, साडेतीनशे ग्रॅम.
वेग सहासष्टवर आला.
नाकात फोम भरला, झाकणाला टेप लावला,
आणि रविवारी उजाडताच पुन्हा हिप्परगा.
आई आली होती, पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी.

दोन फेऱ्या सरळ गेल्या.
तिसरीत, दोरीला बांधलेल्या रिकाम्या बाटलीशी वळताना
बोट उचलली गेली, तीनदा पाण्यावर आपटली,
आणि उलटी होऊन तरंगत राहिली.
सिद्राम काही न बोलता ट्यूब घेऊन गेला.

झाकण उघडून पाणी ओतलं, बाटलीचं टोपणभर.
आईनं कमरेच्या बटव्यातून नाणं काढलं,
बोट पालथी घातली, नाकापासून सुरुवात केली.
टक. टक. टक.
मागच्या फळीशी थांबली. परत वाजवलं.
कान खाली नेला.
"काय गं?" मी विचारलं.
"काय नरसम्माक्का?" सिद्रामनं विचारलं.
तिनं हात वर केला.
तुळजापूर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता.
"थांबा," ती म्हणाली,
"तो जाऊ दे आधी."